टेंगूळ आलं की बर्फ लावा, पण लक्ष माणसावर ठेवा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशात झोके बांधले जातात. लेकीबाळी माहेरी येतात, कडुनिंबाच्या फांद्यांना दोर पडतात. शाळेच्या परीक्षा उरकलेल्या असतात, त्यामुळे पोरं दिवसभर झोक्यावर, बैलगाडीवर नाहीतर गच्चीवर. या दिवसांत आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात एक वाक्य सारखं कानावर पडतं, "पोऱ्या पडना, टेंगूळ उनं." मुलासोबत आई असते, आजी असते, कधीकधी अर्धी गल्ली असते. मुलगा बहुतेक वेळा हातात बिस्किटाचा पुडा धरून इकडेतिकडे बघत असतो आणि मोठ्यांचे चेहरे उतरलेले असतात.

त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. आत काही झालं नसेल ना? स्कॅन करायचा का? झोपू द्यायचं का? लेप लावला तर चालेल का? प्रश्न रास्त आहेत आणि बहुतेकांची उत्तरं दिलासा देणारी आहेत. डोक्यावर टेंगूळ येणाऱ्या बहुसंख्य मुलांना आणि मोठ्यांना आत काहीही झालेलं नसतं. पण थोड्या लोकांना झालेलं असतं, आणि ते टेंगळाच्या आकारावरून कळत नाही. ते माणसाच्या वागण्यावरून कळतं. मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच.

टेंगूळ इतकं भराभर का वाढतं?

गुडघा आपटला तर खरचटतं, मांडीला मार लागला तर निळं पडतं. कपाळावर मात्र दोन मिनिटांत लिंबाएवढा उंचवटा येतो. आईबाप घाबरतात ते या वेगाला.

कवटीवरच्या कातडीला पाच थर असतात. सगळ्यात वर केसांची त्वचा. तिच्याखाली घट्ट विणीचा एक थर, ज्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मग एक चिवट पडदा, त्याखाली एक सैल, पोकळसर थर आणि शेवटी हाडाला चिकटलेलं आवरण. दगडी ओट्यावर गोधडी अंथरली आहे असं समजा. ओटा आणि गोधडीच्या मध्ये पाणी शिरलं तर ते खाली जाऊ शकत नाही, कारण खाली दगड आहे. मग ते गोधडीलाच वर उचलतं. डोक्यावर मार बसला की बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त आणि सूज येऊन पाणी साचतं, खाली हाड असल्यामुळे सगळा फुगवटा बाहेरच्या बाजूला येतो. मांडीवर तेवढंच रक्त साचलं तर मांसात मुरतं आणि दिसतही नाही. डॉक्टर याला 'हिमॅटोमा' म्हणतात, म्हणजे साचलेल्या रक्ताची गाठ. कागदावर हा शब्द वाचून दचकू नका. कातडीतला हिमॅटोमा म्हणजे आपलं टेंगूळच. कवटीच्या आतला हिमॅटोमा ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

डोकं फुटलं की रक्ताची धार लागते त्याचंही कारण याच थरात आहे. तिथल्या रक्तवाहिन्या घट्ट तंतूंमध्ये अडकलेल्या असतात. इतर ठिकाणी तुटलेली रक्तवाहिनी आक्रसते आणि रक्त थांबायला मदत होते, इथे ती उघडीच राहते. म्हणून छोट्या जखमेतूनही सदरा भिजेल इतकं रक्त येतं. बघणाऱ्याला वाटतं कवटीच फुटली. स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर दहा मिनिटं सलग दाबून धरा. मधेच उचलून "थांबलं का" बघितलं तर धरलेली गुठळी निघते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हाताखाली हाड दबलेलं किंवा हलल्यासारखं जाणवलं, तर मात्र जोर लावू नका. कापड हलकं ठेवा आणि निघा.

"बाहेर आलं म्हणजे बरं झालं"

गल्लीतली कुणी जाणती बाई हमखास हे म्हणते. मार बाहेर निघाला म्हणजे आत काही राहिलं नाही, असा त्यामागचा हिशेब. ऐकायला पटतं, पण शरीरात तसं घडत नाही. टेंगूळ कवटीच्या बाहेर असतं, मेंदू कवटीच्या आत. बाहेरचं रक्त बाहेर आणि आतलं रक्त आत. एकाचा दुसऱ्याला निचरा होत नाही. मोठं टेंगूळ असून आत सगळं ठीक असू शकतं, आणि टेंगूळ नावालाही नसताना आत रक्तस्राव चालू असू शकतो.

उलटा समजही तितकाच चुकीचा आहे. "केवढं मोठं आलंय, आता काही खरं नाही" असं म्हणत लोक मुलाला घेऊन धावत येतात. कपाळाचं हाड जाड आणि मजबूत असतं. चालायला शिकणारी मुलं तोंडावर पडतात, त्यामुळे कपाळावरचं टेंगूळ हे सगळ्यात जास्त दिसणारं आणि बहुतेक वेळा सगळ्यात निरुपद्रवी. कानशिलावर, कानाच्या वरच्या बाजूला किंवा डोक्याच्या मागे लागलेल्या माराकडे मी जास्त बारकाईने बघतो.

पहिल्या तासात घरी काय करायचं?

आधी मुलाला शांत करा आणि बसवा. मग थंड लावा. बर्फ असेल तर तो कापडात गुंडाळून, थेट कातडीवर नाही. दहा-पंधरा मिनिटं धरायचा, काढायचा, आणि पहिला दिवसभर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचा. थंडाव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी झिरपतं, दुखणंही कमी होतं. शेतात किंवा पाड्यावर बर्फ कुठून आणणार? माठातल्या पाण्यात पंचा भिजवून, पिळून लावला तरी काम होतं. स्टीलची थंड वाटी हलक्या हाताने टेकवून धरली तरी चालते. फक्त दाबून "बसवायला" जाऊ नका.

इथे एक गोष्ट खास करून धडगाव, अक्कलकुवा, शहादा, चोपडा, यावल या सातपुड्याच्या बाजूच्या घरांसाठी. आपल्या भागातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. मुलाला सिकलसेलचा आजार असेल, म्हणजे तपासणीत 'एसएस' आलं असेल, तर बर्फ लावू नका. तीव्र थंडाव्याने रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकायला लागतात आणि असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला मार लागला तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि सिकलसेलचं कार्ड सोबत न्या. 'एएस' म्हणजे फक्त वाहक असलेल्यांना सहसा ही अडचण येत नाही.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरेसं आहे. मुलांना ते वजनाप्रमाणे द्यायचं असतं: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवरचा आकडा मात्र नीट वाचा. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. दोन्ही बाटल्या फडताळात शेजारी शेजारी असतात आणि लेबलंही सारखीच दिसतात. दहा किलोच्या बाळाला पहिल्यातलं ५ मिली बरोबर आहे, दुसऱ्यातलं ५ मिली जास्त होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या पहिले दोन दिवस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय टाळा, कारण त्या रक्त गोठण्याच्या कामात आड येतात. मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच नको.

हळद, चुना, तेल, शेक

चुना-हळदीचा लेप आपल्याकडे फार चालतो. चुना दाहक असतो. नाजूक कातडीवर तो भाजल्यासारखे डाग पाडतो आणि जखम असेल तर ती चिघळवतो. खालचं रक्त तो ओढून घेत नाही. नुसती हळद धड कातडीवर लावली तर अपाय नाही, पण फायदाही सांगण्यासारखा नाही, आणि तिच्या पिवळ्या थराखाली कातडीचा रंग कसा बदलतोय ते दिसत नाही. उघड्या जखमेत हळद, कॉफी, माती, रॉकेल यांपैकी काहीच भरू नका. टाके घालण्याआधी ते सगळं घासून काढावं लागतं आणि त्या वेळी मुलाला होणारा त्रास बघवत नाही.

तेल लावून चोळणं हा त्याहून वाईट उपाय. चोळण्याने रक्तवाहिन्यांवर धरू लागलेल्या गुठळ्या सुटतात आणि टेंगूळ आणखी फुगतं. पहिले दोन दिवस गरम शेकही नको. टोचून किंवा दाबून रक्त काढण्याचा विचारही करू नका. बंद असलेली गाठ शरीर आपोआप शोषून घेतं, उघडली की जंतू शिरतात.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही बोलून टाकतो, कारण नुसत्या टेंगळासाठी लोक ते मागून घेतात. कातडी फाटली नसेल तर धनुर्वाताचे जंतू शिरायला वाटच नाही, इंजेक्शनची गरज नाही. जखम झाली असेल आणि त्यात माती-शेण गेलं असेल, तर लसीचा शेवटचा डोस कधी झाला ते डॉक्टरांना सांगा. पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर ते पुन्हा देतील.

दुसऱ्या दिवशी डोळा काळा का होतो?

काल कपाळावर लागलं, आज टेंगूळ उतरलं आणि डोळा सुजून काळानिळा. हे बघून लोक पहिल्या दिवसापेक्षा जास्त घाबरतात. कपाळातला तो सैल थर थेट पापण्यांपर्यंत जातो. वर साचलेलं रक्त एक-दोन दिवसांत खाली उतरतं आणि पापणीच्या पातळ कातडीतून दिसतं. मग रंग बदलत जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन तुटत जातं तसा जांभळ्याचा हिरवट आणि हिरवटाचा पिवळा होतो. आठवडा-दोन आठवड्यांत तो जातो. टेंगळाच्या जागी छोटी टणक गाठ महिनाभर हाताला लागू शकते. ती हळूहळू लहान होत असेल तर काळजी नको.

याच्यासारखंच दिसणारं पण धोक्याचं एक चित्र आहे. कपाळाला मार नाही आणि तरी काही तासांत दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आली, कानामागे निळं पडलं, किंवा नाकातून-कानातून पाण्यासारखा पातळ द्रव किंवा रक्त येऊ लागलं, तर कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची शक्यता असते. नाकात-कानात कापूस कोंबू नका. लगेच मोठं रुग्णालय गाठा.

झोपू द्यायचं का?

"झोपू देऊ नका, कोमात जाईल" या भीतीपोटी मुलांना गालावर चापट्या मारून रात्रभर जागं ठेवलेलं मी पाहिलं आहे. झोपेमुळे कोणी कोमात जात नाही. भीतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती अशी की आतून रक्तस्राव होत असेल तर गुंगी येते, आणि झोप व गुंगी यांतला फरक वरवर बघून कळत नाही.

पडल्यावर तास-दोन तास मूल नीट जागं होतं, बोलत-खेळत होतं, आणि आता त्याची नेहमीची झोपेची वेळ आहे, तर खुशाल झोपू द्या. पहिल्या रात्री दोन-तीन वेळा हळूच हाक मारा, हात लावा. ते कुरकुरलं, कूस बदलली, आईचा हात झटकला, डोळे किलकिले करून पाहिलं, तर ही झोप आहे. हलवूनही उठत नाही, उठलं तरी ओळख नाही, बोलणं बरळल्यासारखं आहे, श्वास घुरघुरतोय, तर ही झोप नव्हे. सकाळची वाट बघू नका. आणि पडल्यानंतर थोड्याच वेळात, झोपेची वेळ नसताना, मूल पेंगायला लागलं तर ते "दमलं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

कोणत्या खुणा दिसल्या की निघायचं?

पहिले २४ ते ४८ तास महत्त्वाचे. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, फिट येणं, हात-पाय लुळा पडणं किंवा चालताना झोक जाणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी होणं, माणसं न ओळखणं, तेच तेच विचारणं, विनाकारण चिडचिड किंवा अगदी गप्प होणं: यातलं एक जरी दिसलं तरी निघा. पडताक्षणी शुद्ध गेली होती, मग ती काही क्षणांपुरती का असेना, किंवा पडण्याच्या आधीचं-नंतरचं आठवत नाही, तरीही डॉक्टरांनी तपासायला हवं.

शुद्ध नसेल किंवा फिट आली असेल तर कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, तोंडात पाणी किंवा चमचा घालू नका. एका कुशीवर वळवून ठेवा. उंचावरून पडून मान दुखत असेल तर उचलून पळत सुटू नका. एकाने डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरायचं आणि बाकीच्यांनी अंग एकदम उचलायचं.

उलटीबद्दल आपल्या हवेत घोटाळा होतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि दुपारी पडलेल्या मुलाला संध्याकाळी उलटी झाली की घरचे म्हणतात, ऊन लागलं. असेलही. घाबरून, रडून मुलांना एखादी उलटी होतेच, आणि त्यानंतर मूल टवटवीत असेल तर लक्ष ठेवून थांबता येतं. पण डोक्याला मार लागलेल्या मुलाची दुसरी उलटी उन्हाच्या खात्यावर टाकू नका. दवाखान्यात दाखवा आणि ऊन लागलं की मार, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

इतका जोर देण्याचं कारण म्हणजे एक विशिष्ट रक्तस्राव. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली की हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. पहिला काही वेळ माणूस ठीक असतो, बोलतो, चालतो, "मला काही झालं नाही" म्हणतो. मग काही तासांत मेंदू दाबला जातो. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडली. ती उठली, बोलत होती, तिला तपासणीची गरज वाटली नाही. काही तासांत डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी ती वारली. असं फार क्वचित होतं. पण वेळेत शस्त्रक्रिया झाली तर यातून माणसं पूर्ण बरी होतात, म्हणून मधल्या त्या 'ठीक' वेळेने गाफील राहू नये.

मग सगळ्यांचाच सीटी स्कॅन का नको?

"पैसे लागू द्या डॉक्टर, पण स्कॅन करून टाका, जिवाला घोर नको." हे प्रेमाने म्हटलं जातं, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये जेवढा किरणोत्सर्ग मिळतो, तो निसर्गातून आपल्याला सुमारे आठ-दहा महिन्यांत मिळणाऱ्या किरणोत्सर्गाइतका असतो. मोठ्या माणसाला याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना जास्त नाजूक असतात, आणि पुढे आयुष्यात कर्करोगाचा धोका किंचित का होईना वाढतो. शिवाय लहानग्याला मशीनमध्ये स्थिर ठेवायला कधीकधी गुंगीचं औषध द्यावं लागतं.

स्कॅन कोणाला नको हे ठरवायला भक्कम आधार आहे. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांतल्या ४२ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. मुलाची शुद्ध, वागणं, मार कसा लागला, कवटी मोडल्याच्या खुणा अशा मोजक्या गोष्टी त्यात पाहिल्या. मुलात यांपैकी काहीच नसेल तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दोन वर्षांपुढच्या मुलांत दोन हजारांत एकापेक्षा कमी आणि त्याहून लहान मुलांत पाच हजारांत एकापेक्षा कमी निघाली. तेव्हा डॉक्टर "स्कॅन नको, चार तास इथेच थांबा, बघू" म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत. त्या थांबण्यातही तपासणी चालू असते. नुसत्या एक्स-रेवर समाधान मानणं मात्र चुकीचं. त्यात हाड दिसतं, मेंदू दिसत नाही.

किती उंचीवरून पडलं, हा प्रश्न डॉक्टर विचारतात त्याचं कारण याच अभ्यासात आहे. दोन वर्षांखालच्या बाळासाठी तीन फुटांपेक्षा जास्त आणि मोठ्या मुलासाठी पाच फुटांपेक्षा जास्त उंची धोक्याची धरतात. बाजेवरून पडणं आणि धाब्यावरून पडणं यांत हा फरक आहे. उन्हाळ्यात आपण धाब्यावर, गच्चीवर झोपतो, आणि कितीतरी घरांना अजून कठडा नाही. तिथून पडलेल्या मुलाला टेंगूळ असो वा नसो, खुणा दिसोत वा न दिसोत, थेट रुग्णालयात न्या. धावत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा मोटारसायकलवरून पडलेल्यालाही हेच लागू.

तान्हं बाळ

वर्षाच्या आतल्या, विशेषतः सहा महिन्यांखालच्या बाळाचा नियम वेगळा: डोक्याला मार लागला की दाखवायचंच. ते डोकं दुखतंय म्हणून सांगू शकत नाही. कपाळ सोडून बाजूला किंवा मागे मऊ, लिबलिबीत टेंगूळ असेल तर खालचं हाड तडकलेलं असण्याची शक्यता जास्त असते. टाळू फुगलेली वाटणं, अंगावर पिणं सोडणं, रडणं न थांबणं किंवा अजिबात न रडणं, या त्याच्या खुणा.

आजोबांचं "वय झालं"

ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती लहान मुलांची नाही. सत्तरीचे आजोबा मोरीत पाय घसरून पडतात. मागे छोटंसं टेंगूळ येतं. दोन दिवसांत उतरतं आणि घरातले विसरून जातात. तीन आठवड्यांनी आजोबा जरा विसराळू झालेले असतात. दुपारभर झोपतात. बशीतला चहा सांडतो. चालताना एका पायातली चप्पल मागे राहते आणि त्यांना पत्ताही नसतो. घरचे म्हणतात, आता वय झालं. कोणी रक्तदाबाची गोळी वाढवून आणतं, कोणी म्हणतं लकवा आला.

वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. मेंदू आणि त्याचं आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात. हलक्या धक्क्यानेही त्यातली एखादी फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने साचत जातं. आत जागा जास्त असल्याने सुरुवातीला काहीच जाणवत नाही. लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे, कधी महिना-दोन महिने लागतात. जास्त दारू पिणाऱ्यांना हा धोका ऐन पन्नाशीतही असतो. आणि दारू प्यायलेला माणूस पडून गुंगीत असेल तर "उतरली की उठेल" म्हणून झोपवून ठेवणं घातक ठरू शकतं.

हा आजार ओळखला तर बहुतेकांना बरा करता येतो. सीटी स्कॅनमध्ये साचलेलं रक्त स्पष्ट दिसतं. कवटीला लहान छिद्र पाडून ते काढून टाकतात, आणि लुळा पडत चाललेला पाय अनेकदा काही दिवसांत पुन्हा चालू लागतो. म्हणून साठीपुढच्या माणसात असा बदल दिसला की गेल्या दोन-तीन महिन्यांत ते कुठे पडले होते का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. ते विचारतील याची वाट बघू नका. म्हातारी माणसं पडल्याचं लपवतात. सून ओरडेल, बाहेर जाणं बंद होईल, म्हणून. त्यांना रागवू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तीन आठवडे थांबायचाही प्रश्न नाही. झडप बदललेल्यांना वॉरफेरिन किंवा तशा गोळ्या असतात, स्टेंट टाकलेल्यांना ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल. अशांना डोक्यावर मार बसला तर त्याच दिवशी दाखवा, काही त्रास नसला तरी. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

शाळा, क्रिकेट, कबड्डी

रक्तस्राव नसतानाही मेंदूला हादरा बसू शकतो. त्याला 'कन्कशन' म्हणतात. स्कॅनमध्ये काही दिसत नाही, पण डोकं जड राहतं, उजेड-आवाज नकोसा वाटतो, वाचलेलं लक्षात राहत नाही, झोप बिघडते. क्रिकेट बघणाऱ्यांना हा शब्द ऑगस्ट २०१९ पासून माहीत आहे. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला चेंडू लागला आणि पुढे त्याच्या जागी मार्नस लाबुशेन बदली खेळाडू म्हणून उतरला.

एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल कमी, आणि मग हळूहळू नेहमीची कामं सुरू. पूर्ण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायची गरज नाही. डोकेदुखी, चक्कर पूर्ण थांबेपर्यंत मैदानावर जायचं नाही, झोक्यावर चढायचं नाही. सावरण्याआधी दुसरा मार बसला तर नुकसान कितीतरी जास्त होतं. पोरगा "मी ठीक आहे" म्हणेल. कबड्डीचा सामना रविवारी असेल तर नक्की म्हणेल. गुरुजींना आणि संघाच्या कप्तानाला पालकांनी स्वतः सांगून ठेवा. त्रास दोन आठवड्यांच्या पुढे टिकला तर पुन्हा तपासा.

अंतराचा हिशेब वेगळा करा

"घरी लक्ष ठेवा, काही वाटलं तर लगेच या" हा सल्ला धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्याला ठीक आहे. तोच सल्ला मोलगीच्या पुढच्या पाड्यावर किंवा तोरणमाळच्या घाटावर राहणाऱ्याला तसाच देता येत नाही. तिथे रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या तर सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी पोचेपर्यंत उजाडेल, पावसाळ्यात तर त्याहून उशीर. तुमचं घर असं लांब असेल आणि मार जरा जोराचा असेल, तर खुणांची वाट न बघता संध्याकाळच्या आत खाली उतरा. तालुक्याच्या गावी नातेवाईक असतील तर पहिली रात्र त्यांच्याकडे काढा. डॉक्टरांनाही "आमचं घर इतकं लांब आहे" असं आपणहून सांगा. ठेवून घ्यायचं की सोडायचं हे ठरवताना ती माहिती त्यांना हवी असते.

१०८ ला फोन केलात तर गावाचं नाव, जवळचा फाटा, आणि माणूस शुद्धीत आहे की नाही हे आधी सांगा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. निघताना एका कागदावर चार ओळी लिहून घ्या, कारण तिथे पोचेपर्यंत सोबतची माणसं बदलतात आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो: किती वाजता पडला, किती उंचीवरून आणि कशावर आपटला, शुद्ध गेली होती का, किती उलट्या झाल्या आणि कधी, कोणतं औषध किती दिलं, रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटंच पिशवीत टाका.